ड्यूटीवरचा देव

भैरू शेळक्याची चाल अख्ख्या पिंपरी गावठाणाला पाठ होती. डब्यांच्या कारखान्याच्या फाटकाकडे जाणारा डांबरी रस्ता एकदम सरळ, वाटेत ना खड्डा ना शेण. पण फाटक पंधरा-वीस पावलांवर आलं की हा गडी अचानक डावीकडे सरकायचा, चार पावलं कडेच्या मातीतून चालायचा आणि पुन्हा रस्त्यावर यायचा. जातानाही तसंच, येतानाही तसंच. अंगात खाकी सदरा, कमरेला पितळी बक्कल, हातात काठी, असा रुबाबदार पहारेकरी, आणि मध्येच हे असं डबकं चुकवणाऱ्या बाईसारखं! आळीला फुकटची करमणूक झाली. कुणी म्हणे पायाला कुरूप आहे. कुणी म्हणे तिथं साहेबाची मोटार अंगावर आली होती, तो धसका. शेजारच्या गोजाबाईंनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "त्याला तितं कुनीतरी बाई दिसती. मी डोळं वळखते पुरुषाचं."

खरं कारण आळीला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं भैरूला, त्याच्या बायकोला आणि मुकादम उद्धवरावांना. तिथं डांबराखाली म्हसोबा होता. भैरूनं स्वतःच्या हातानं फोडलेला.

झालं होतं असं. पंचावन्न साली तिथली रानं कारखान्याला गेली. बांध सपाट करायला माणसं लागली, तेव्हा करमाळ्याकडून आलेला भैरू घण खांद्यावर टाकून हजर झाला. दगड फोडावा तर भैरूनं. शीर कुठं आहे ते त्याला बघूनच कळायचं. एका बांधावर गुडघ्याएवढा शेंदूर फासलेला म्हसोबा निघाला. आजूबाजूच्या गावांतल्या मजुरांनी पहारी खाली ठेवल्या. उद्धवराव जवळच्याच दिघीचे, त्यांनी चपला काढून लांबूनच नमस्कार केला. पण रस्त्याच्या तळाला दगड भरायचा होता आणि वर साहेब घड्याळ बघत होता.

"भैरू," उद्धवराव म्हणाले, "तू बाहेरगावचा. तुझा ह्याच्याशी काय संबंध? एवढं कर, फाटकावर कायमचा लावून देतो."

भैरूलाही ते पटलं. देवाचा अंमल गावच्या शिवेपर्यंत. त्याचे देव करमाळ्याच्या माळावर राहिलेले. हा इथला, ह्याची त्याची ओळख ना पाळख. तीन घावांत काम झालं. चौथा लागला नाही, हे त्याच्या ध्यानात राहिलं. आणि आणखी एक राहिलं. शेंदराखाली, अगदी आतपर्यंत, तो इतर दगडांसारखाच काळा होता.

तुकडे फाटकापुढच्या रस्त्याच्या तळाला गेले आणि उद्धवरावांनी शब्द पाळला. भैरूला फाटकावर कायमची नोकरी लागली. मग त्यानं बायकोला, कौशल्याबाईला, करमाळ्याहून आणलं आणि गावठाणात एक पडवी भाड्यानं घेतली. घरमालकीण सोजराबाई, सत्तरीच्या पुढची विधवा. मुलगा सयाजी बायकोपोरांसह तळेगावला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, त्यामुळे म्हातारी हातानं बघायची. तांदूळ चाळवून सांगायची, जुना आहे का नवा.

पहिल्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "कारखान्यात हायस न्हवं तू? मग आमचा म्हसोबा कुठं ठिवलाय रं त्यांनी?"

भैरूच्या हातातला घास हातातच राहिला. ते रान सोजराबाईचं होतं. अकराव्या वर्षी सून म्हणून आली तेव्हापासून दर अवसेला तेल-शेंदूर घेऊन ती त्या बांधावर जात होती. साठ वर्षं! नवऱ्याला सांगता आलं नाही ते त्या दगडाला सांगितलं होतं. जमीन गेली त्याचं म्हातारीला फार वाटलं नव्हतं. सयाजीनं सांगितलं होतं, "आये, देव त्यांनी चांगल्या जागी ठिवलाय." त्यावर ती तगून होती.

"हाय की, मावशी," भैरू म्हणाला. "हापिसामागं ठिवलाय. समदे दगड वळीनं मांडल्यात."

"मग दिवा कोन लावतं?"

एका थापेला दुसरी लागते, हे भैरूला तेव्हा कळलं. "दगड म्हंजी नुसतं घर, मावशी. देव त्यातनं निगून गेल्यात."

"कुठं?"

कौशल्याबाईनं तव्यावरची भाकरी उलटायची थांबवली. भैरूनं दाराबाहेर बघितलं आणि तोंडाला आलं ते बोलला, "शिवंपल्याड."

असा तो मुलूख जन्माला आला. पुढं वर्षभर रोज दिवेलागणीला पहाऱ्यावरून आल्यावर भैरू सोजराबाईच्या ओट्यावर बसायचा आणि म्हातारी विचारायची, "मग? आज काय झालं तितं?" सांगावंच लागायचं.

शिवंपल्याड म्हणजे जिथं कुठल्याच गावाची शीव पोचत नाही असा माळ. रस्त्यात, धरणात, कारखान्यात ज्यांची जागा गेली ते सगळे देव तिथं येऊन उतरलेले, जो तो आपल्या गाठोड्यावर बसलेला. मरीआईचा गाडा मोडलेला. त्यात गावोगाव सुया टोचणारे फिरायला लागल्यापासून तिच्या हाताला काम नाही, म्हणून ती गोधड्या शिवते. सटवाईचा कपाळं लिहायचा बोरू हरवलाय. विहीर बुजवली म्हणून साती आसरा घागरी घेऊन ओळीत उभ्या, आणि त्यांतली धाकटी सारखी मध्ये घुसते.

"धाकटी तसलीच," सोजराबाई खुश व्हायची. "माज्या धाकट्या नंदंवानी. आन आमचा?"

"म्हसोबा व्हय? त्यो वाद मिटवतो. कुनाचं भांडान झालं की त्याच्याकडं."

"मिटवनारच. पैल्यापास्नं शांत हाय त्यो."

भैरू मान खाली घालायचा.

मग एक दिवस त्या मुलखात भोंगोबा आला. कारखान्याच्या भोंग्याबरोबर जन्मलेला, अंगाला अजून रंगाचा वास. आल्या आल्या म्हणाला, "मी वरडलो की मानूस उठतं, मी वरडलो की जेवतं. तुमच्या हाकंला उठतं का कोन? मग देव मी एकटाच. बाकीच्यांनी देवपन सोडा आन खाली बसा."

"मुडदा बशिवला त्याचा!" सोजराबाई ओट्यावरून उठायच्या बेतात. "म्हसोबा काय म्हनला?"

भैरूला ते माहीत नव्हतं. तीन संध्याकाळी त्यानं देवांना नुसतंच भांडत ठेवलं. वेताळ मारामारीला निघाला, खोकलाई खोकून बेजार झाली. चौथ्या दिवशी फाटकावर पाळी बदलताना, एक पहारेकरी काठी ठेवतो आणि दुसरा उचलतो हे बघून, त्याला सुचलं.

"म्हसोबा म्हनला, येकच देव पायजे न्हवं? हरकत न्हाई. पन रोज येगळा." ज्याची ड्यूटी तो त्या दिवसापुरता एकटा देव. बाकी कुणी देव नाहीच, सगळी माणसं. त्यांनी त्याच्या पाया पडायचं, नवस बोलायचे, निवद दाखवायचा. भोंगा झाला की तो उतरणार, दुसरा चढणार. पहिली ड्यूटी हौसेनं भोंगोबानं घेतली. सकाळी ताठ बसला. दुपारपर्यंत त्याच्या लक्षात आलं की जो येतो तो पाया पडून निघून जातो, शेजारी कुणी बसत नाही. संध्याकाळी रडकुंडीला आला, मला उतरवा म्हणून.

"येकटं देव व्हनं लई वंगाळ, मावशी," भैरू बोलून गेला. "समद्यांचं ऐकायचं. आपलं सांगायला कोन न्हाई."

सोजराबाईनं पांढरे डोळे त्याच्याकडे वळवले.

ही कथा आळीत पसरायला वेळ लागला नाही. फाटकावर येणारा-जाणारा विचारू लागला, "काय भैरू, आज ड्यूटीवर कोण?" भैरूही उत्तर द्यायचा, "आज खोकलाई हाय. बिडी इझवून आत जा राव." दिवस बरे चालले होते. मधल्या त्या चार मातीच्या पावलांचं सोडलं तर कुणाला काही बोलायला जागा नव्हती.

चैत्रात म्हातारीनं तो प्रश्न टाकला. "आमच्याची ड्यूटी कदी?"

"पौषातली अवस," भैरू म्हणाला.

पडवीत आल्यावर कौशल्याबाईनं त्याला धरलं. "नऊ म्हयनं लांबची अवस काढलीत. तवर मावशी ऱ्हायची न्हाई, आसं धरलंत व्हय?"

भैरूनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तेच धरलं होतं. मागच्या पावसाळ्यात म्हातारी तापानं पार जायला टेकली होती. यंदाचा काढेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

"सांगून टाका की खरं!"

"काय सांगू? तुजा देव डांबराखाली घातला आन त्याच्यावर नोकरी मिळविली?"

सोजराबाईनं पावसाळा काढला. एवढंच नाही, श्रावणात तिच्या डोक्यात नवंच शिरलं. "भैरू, मला तितं जायचं हाय. मेल्यावर न्हवं, तवा काय, समदीच जात्यात. त्याच्या ड्यूटीच्या दिवशी. त्या दिवशी त्यो येकटाच आसनार. त्याच्याशेजारी बसाया कोन न्हाई, तूच म्हनलास."

"मानसाला तितं जाता येत न्हाई, मावशी."

"दीक्षा आसंल की कायतरी! नाथांच्या गड्यांचं कान फाडत्यात, खंडोबाच्या वाघ्याला भंडारा लावत्यात. तुज्या मुलखाची काय रीत?"

म्हातारीनं हात टेकावेत म्हणून भैरूनं सुचेल तेवढी कडक रीत सांगितली. दसऱ्यापासून दुसऱ्या कुठल्याही देवाचं नाव घ्यायचं नाही, देव्हाऱ्यातले टाकसुद्धा उतरवायचे. एकवेळ जेवायचं. एवढ्यानं भागेल असं त्याला वाटलं. म्हातारी उठता-बसता खंडोबाचं नाव घ्यायची. तरी खात्रीसाठी त्यानं वर कुलूप घातलं, "आन ड्यूटीच्या दिवशी त्याच्याच दगडावर हात ठिवून आपलं नाव सांगायचं. दुसरा दगड चालत न्हाई." मग सुटका झाल्यासारखा श्वास सोडून म्हणाला, "पन दगड कंपाउंडाच्या आत. बाहेरच्या मानसाला सोडत न्हाईत. त्याला कोन काय करनार?"

सोजराबाईनं बोळकं पसरलं आणि हसत हसत त्याच्या पाठीत थाप मारली. "आरं मुडद्या, फाटकावर उबा कोन असतो? तूच न्हवं का!"

ओट्यावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गोजाबाईंना ठसका लागला. भैरूलाही हसावं लागलं.

दसऱ्याला म्हातारीनं देव्हाऱ्यातले सातही टाक हातानं चाचपून एकेक उतरवले. खंडोबा, भवानी, सासूनं दिलेला वीर. जुन्या लुगड्याच्या पदरात गाठ मारून तिनं ते गाठोडं कौशल्याबाईच्या हवाली केलं. "संबाळ बये. अवसंपतुर." शिंक आली तरी त्यापुढं ती कुठल्या देवाचं नाव घेत नव्हती. सवयीनं तोंड उघडायची आणि तसंच मिटायची.

आता भैरूपुढं एकच वाट उरली. पवनेच्या काठावरून त्यानं गुडघ्याएवढा दगड निवडला, पोत्यात घालून फाटकाजवळच्या चौकीत आणला. छिन्नी-हातोडा त्याच्या हातात शोभायचा. तेलात कालवलेला शेंदूर एकावर एक थर देऊन वाळवायला लागला. साठ वर्षांचा शेंदूर तीन महिन्यांत चढवायचा होता. आणि संध्याकाळी ओट्यावर बसून तो आडून आडून विचारायचा, "मावशी, डोक्याकडं निमुळता हाय न्हवं त्यो?"

"हाय की. आन फाळ लागल्याची खूण हाय. डाव्या खांद्याला, बोट बसंल येवडी खाच. माजं कपाळ तितंच टेकायचं."

दुसऱ्या दिवशी भैरूनं डाव्या खांद्याला खाच घेतली. बोट घालून बघितलं. काम इतकं सुबक झालं की क्षणभर त्याला अभिमान वाटला, आणि मग त्या अभिमानाची शिसारी आली.

पौषातली अवस उजाडली. दुपारी जेवणाचा भोंगा झाल्यावर कौशल्याबाई म्हातारीला हाताला धरून घेऊन आली. सोजराबाईनं हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं, ओटीत नारळ. एकवेळच्या जेवणानं ती काडी झाली होती, पण चालत आली. बैलगाडी नको म्हणाली. भैरूनं दगड फाटकाबाहेरच्या लिंबाखाली आणून उभा केला होता.

"हापिसामागनं काढून आनला, मावशी. बसा."

ती बसली. हात पुढं केला. माथ्यावरून, पाठीवरून, सावकाश, ताप आलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा तो हात फिरला. डाव्या खांद्यावर आला. बोट खाचेत बसलं.

बोट तिथंच राहिलं. बराच वेळ.

"भैरू," म्हातारी म्हणाली, "फाळ लागला त्यो उजव्या खांद्याला. माज्या दादल्याच्या हातनं. मी समोरच व्हते."

भैरू तिच्यासमोर खाली बसला.

"तू खुना इचाराय लागलास तवा मला वाटलं, ज्यानं देव रोज बगितलाय त्यो मला कशापायी इचारतो? म्हनून डावा सांगितला." तिनं बोट काढून घेतलं. "तवापास्नं येकच मागत व्हते, डाव्या खांद्याला काय नसावं. पन मागायचं तरी कुनाकडं? समद्यांची नावं तर बंद केल्याली."

कौशल्याबाई रडायला लागली. म्हातारीनं हात वर करून तिला थांबवलं.

"कुटं हाय त्यो?"

"फोडला, मावशी."

"कुनी?"

मुकादमाचं नाव सांगता आलं असतं. परमुलखातले मजूर होते म्हणता आलं असतं.

"म्या."

"किती घाव?"

"तीन."

सोजराबाईनं बोटाचा शेंदूर पदराला पुसला. मग तिनं अगदी हळू, दारात उभं राहून पाणी मागावं तसं विचारलं, "आत काय व्हतं रं?"

एवढा मोठा मुलूख वसवला भैरूनं. मरीआईला गोधड्या दिल्या, आसरांना घागरी दिल्या, भोंगोबाला रडवलं. पण त्या दगडाच्या आत ठेवायला त्या घटकेला त्याच्याजवळ काहीएक निघालं नाही.

"दगडच व्हता, मावशी."

तिनं मान हलवली. जागा दाखव म्हणाली. भैरूनं तिला हाताला धरून रस्त्यावर नेलं, त्या चार पावलांच्या जागी. ती खाली बसली आणि डांबरावर तळवा टेकला. दुपारच्या उन्हानं ते कोमट झालं होतं. नारळ ओटीतच राहिला. नाव सांगायला आली होती, तेही तिनं सांगितलं नाही. तेवढ्यात चाकणच्या बाजूनं पत्र्यानं भरलेला ट्रक आला आणि हॉर्न देत उभा राहिला. "ए पहारेकरी! म्हातारीला बाजूला घे की!" आतून साहेबानं खिडकी उघडली. भैरूनं ओणवं होऊन म्हातारीच्या दंडाला धरलं.

"घे घे," ती उठत म्हणाली. "तुजी ड्यूटी हाय."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पडवी खाली कर म्हणाली असती तर कौशल्याबाईनं त्याच पावली भांडी बांधली असती. पण त्यातलं काही झालं नाही. म्हातारी जेवायची, पाणी मागायची, थंडी फार आहे म्हणायची. कौशल्याबाईनं एकदा भीत भीत विचारलं, "गाठोडं सोडू का, मावशी? टाक परत मांडते."

"कशाला? त्येबी आतनं तसंच आसत्याल."

एका संध्याकाळी भैरू ओट्यावर गेला. लांबच बसला. "मावशी," तो म्हणाला, "शिवंपल्याड आज सटवाईला बोरू घावला."

"कुनी न्हाई तितं, भैरू," ती म्हणाली. रागानं नव्हे. चुकीच्या घराचा पत्ता विचारणाऱ्याला सांगावं तसं.

शिमग्याच्या आधी चार दिवस सयाजी तळेगावहून आला. आईच्या उशाशी बसून म्हणाला, "आये, राम म्हन. खंडोबा म्हन. कायतरी म्हन." सोजराबाईनं भिंतीकडे तोंड केलं. तोंडात घातलेलं तुळशीचं पाणी ओठाच्या कडेनं बाहेर आलं. तशीच गेली. दिवसकार्य झाल्यावर सयाजीनं टाकांचं गाठोडं, गाठही न सोडता, आपल्या ट्रंकेत टाकलं.

लिंबाखालचा तो दगड भैरूनं हलवला नाही. हात लावायचं धाडस झालं नाही म्हणा, किंवा कुठं टाकावा ते सुचलं नाही म्हणा. महिन्याभरात त्याच्यावर ताजा शेंदूर दिसायला लागला. नवीन लागलेले कामगार पहिल्या पाळीला जाताना हात जोडू लागले, ट्रकवाले उदबत्ती लावू लागले. पुढच्या अवसेला कुणीतरी डाव्या खांद्याच्या खाचेत फूल खोचलं. नवीन माणसं भैरूलाच विचारायची, "पावतो का हो हा?" भैरू आत जाणाऱ्यांची नावं वहीत लिहीत राहायचा.

आणि त्याची ती चाल गेली. आता तो सरळ येतो, डांबरावरूनच, पावलं न मोडता. त्या चार पावलांच्या जागी तर पाय जरा दाबूनच टाकतो. आळीची करमणूक बुडाली. न्हाव्यानं एकदा दुकानाच्या पायरीवरून हटकलंच, "काय भैरू, कुरूप बरं झालं वाटतं?"

"झालं," भैरू म्हणाला, आणि फाटकाची कडी काढायला गेला.